काजळीचा प्रश्न कोणत्या खात्याचा? माननीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आज सकाळी मी खिडकीची चौकट ओल्या फडक्याने पुसली. कालच पुसली होती, तरी फडके काळेकुट्ट झाले. घरामागच्या आगारात जुन्या डिझेल बसगाड्यांची इंजिने पहाटे चारपासून सुरू असतात. या गाड्यांना वर्षभरात काजळी अडवणारे फिल्टर बसवू, असे आपण जाहीर सभेत सांगितले होते. ते वर्ष गेल्या आठवड्यात संपले आणि एकही फिल्टर बसलेला नाही. मी विचारणा केली तेव्हा, आपल्या खात्याचा भर कार्बन डायऑक्साइडवर असून धुराची तक्रार आरोग्य खात्याकडे करावी, असे दोन ओळींचे उत्तर आले.

महोदय, या उत्तराने मला संताप आला, कारण ते चुकीचे आहे. इंधन अर्धवट जळाले की काजळी तयार होते आणि तिचे काळे कण ऊन शोषून भोवतालची हवा तापवतात. हेच कण हिमावर बसले तर अधिक घात करतात: ताजे, स्वच्छ हिम त्याच्यावर पडणारे ८० टक्क्यांहून अधिक ऊन परतवते, पण मळलेले हिम ते शोषून लवकर वितळते आणि खालची गडद जमीन उघडी पडली की तीही तापू लागते. २०१३ मधील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय आढाव्याने काजळीचा पृथ्वी तापवण्याचा एकूण परिणाम पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला सुमारे १.१ वॉट जादा उष्णता इतका धरला. नंतरचे अंदाज त्याहून कमी आहेत, हे मला ठाऊक आहे. लाकूडफाट्याच्या धुरात ऊन परतवणारे फिकट कणही पुष्कळ असतात, त्यामुळे तिथला हिशेब गुंतागुंतीचा होतो. डिझेलच्या धुरात मात्र काजळीचाच वाटा मोठा असतो, म्हणून तिथे ही सबब चालणार नाही.

कार्बन डायऑक्साइडचा परिणाम शतकानुशतके टिकतो, तो कमी करायलाच हवा. काजळी मात्र काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत, पावसाबरोबर खाली येते. म्हणजे आज ती थांबवली तर त्याचा लाभ याच महिन्यात दिसू लागेल. चांगला फिल्टर ९० टक्क्यांहून अधिक काजळी अडवतो; त्यासाठी कमी गंधकाचे डिझेल आणि नियमित देखभाल लागते. हे सारे माहीत असताना वर्ष वाया गेले.

माझ्या वडिलांना दमा आहे. इंजिने सुरू झाली की ते अंथरुणात उठून बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकतात आणि मी अंधारात इनहेलर चाचपडत राहतो. त्या क्षणी त्यांच्या छातीत जाणारा कण आरोग्य खात्याचा आणि आकाशात चढणारा कण आपल्या खात्याचा, अशी वाटणी कोणी केली? गाड्या वाहतूक खात्याच्या, इंधन आणखी कोणाचे; प्रत्येक जण कागद पुढे सरकवतो आणि धूर तिथेच राहतो. अनेक देशांनी २०१२ मध्येच हवेच्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय गोथेनबर्ग करारात दुरुस्ती करून काजळीची दखल घेतली. आपले खाते ती अजून आपली मानत नाही, याची मला चीड येते.

त्या आगारातील पहिल्या गाडीला फिल्टर कोणत्या तारखेला बसेल आणि शेवटच्या गाडीला कोणत्या तारखेला, हे आपल्या सहीनिशी लेखी कळवावे.

आपला,
आगारामागे राहणारा एक नागरिक