आई, पलंगावरचं चित्र नेतेय

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर बोलायला धीर होत नाही म्हणून लिहितेय. मी नोकरीचा राजीनामा दिला, आता कॉम्प्युटरवरची चित्रं हेच काम, आणि माझ्या चित्रांचं प्रदर्शनही ठरलंय. महिनाअखेरीला सुटते. तुम्हाला न विचारता दिला याचं वाईट वाटतंय. पण विचारलं असतं तर बाबा रात्रभर जागले असते आणि निर्णय तोच झाला असता.

बाबा, तुमची शंका मला ठाऊक आहे: कॉम्प्युटरवरचं चित्र हवं तितकं छापता येतं, मग ते विकत कोण घेईल? म्हणूनच प्रती मोजून काढायच्या. एका चित्राच्या 10, जाड सुती कागदावर, लवकर न उडणाऱ्या पिगमेंट शाईत. प्रत्येकीखाली डावीकडे 3/10 असा आकडा, उजवीकडे सही, दोन्ही पेन्सिलीने, कारण पेनाची शाई उडते. दहा झाल्या की त्या मापात पुन्हा छपाई नाही. कुठली प्रत कुणाकडे गेली ते तुमच्या लाल वहीसारखंच तारखेसकट लिहून ठेवते. छपाई फसते ती बहुधा स्क्रीनमुळे. स्क्रीनचा उजेड जास्त असला की कागदावर चित्र काळवंडतं. झळाळता निळा तर मंदावतोच, तितका तेज रंग शाईत नसतो. म्हणून आधी हातभर पट्टी छापून बघायची, मग पूर्ण चित्र.

घरखर्च मात्र प्रदर्शनावर सोडलेला नाही, तो शिकवणीवर. आठ जणांची तुकडी, आठवड्याला दीड तास. पहिले दोन आठवडे रंग नाहीच, फक्त राखाडी छटा. चित्र काढायच्या बिनस्क्रीनच्या टॅब्लेटवर हात खाली आणि नजर समोरच्या स्क्रीनवर असते, त्यामुळे रेघ थरथरते. तुटक रेघा जोडत बसण्यापेक्षा कोपरापासून एका दमात ओढायची, बाबा, तुम्ही पाटीवर गिरवून घ्यायचात तशीच. फाइलचं माप पहिल्याच दिवशी ठरवायचं. 2000 पिक्सेल रुंदीचं चित्र 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, जेमतेम 17 सेंटीमीटर छापतं. ए2 कागदाला, म्हणजे ए4च्या चौपट, 4961 बाय 7016 पिक्सेल लागतात. नंतर ताणलं की चित्र भुरकट. गृहपाठ लेयर्ससकट, म्हणजे चित्राचे एकावर एक थर सुटे ठेवून, मागते. जेपीईजी फाइलीत सगळे लेयर एक होतात, चूक कुठे झाली ते सापडत नाही.

आई, डोळ्यांची काळजी करू नकोस. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद लांब, 20 फुटांवर बघते. खुर्ची पाठीला टेकणारी आहे, रात्री दहाला स्क्रीन बंद, जेवण वेळेवर. खरंच.

आता मागणं. तुमच्याकडची सहा चित्रं प्रदर्शनाला हवी आहेत. तुझ्या पलंगावरचंही, आई. झोपताना तू त्याच्याकडे बघतेस, माहीत आहे गं. ते विकायचं नाही, यादीत तसं लिहिलंय. तीन आठवड्यांत त्याच खिळ्यावर परत येईल.

बाबा, स्टुलावर चढायचं नाही. रविवारी दोघं जण येतील, तेच उतरवतील. तुम्ही फक्त लक्ष ठेवा. काचेवर कागदी टेपची फुली मारायला सांगा, फुटलीच तर तुकडे चित्रावर पडत नाहीत. कॅनव्हासला आधी गुळगुळीत, रंगाला न चिकटणारा ग्लासिन कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. प्लास्टिक थेट रंगाला लागलं तर ॲक्रिलिक उन्हात मऊ होतं आणि गोल गोल ठसे उठतात, ते निघत नाहीत. कोपऱ्यांना पुठ्ठा. गाडीत उभीच ठेवायची, एकावर एक आडवी मुळीच नाहीत.

उद्घाटनाला येऊ नका, रागावू नका. तिथे गर्दी असते, तासभर उभं राहावं लागतं, आईचा गुडघा ऐकायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी या, गोळी घेऊन. दोन खुर्च्या सांगून ठेवल्यात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेंटीमीटरवर धरतात. पलंगावरचं मी 120 वर लावणार आहे, आईला बसल्या बसल्या नजरेसमोर येईल.

तुमची,
छकुली