तांड्यावरच्या लेकरांनाही बोलू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मी याच भाषेत प्रार्थना करते, त्यामुळे फार आनंद झाला. पण आपल्या मराठवाड्यात मराठी एकटी नांदत नाही. मंठा-जिंतूरकडच्या तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी आहे, जालन्याच्या मोहल्ल्यांत दखनी, देगलूर-धर्माबादेत तेलुगू, उमरग्याकडे कन्नड. या घरांतली लेकरं पहिलीत आली की त्यांची बोली वर्गाच्या दाराबाहेर राहते.

मी शिक्षिका होते. ऊसतोडीहून आईबापाबरोबर परतलेला एक पोरगा बैल उधळल्याची हकीकत सांगायला उठला. डोळे मोठे करून, हातवारे करत गोरमाटीत रंगून सांगत होता. वर्ग हसला. तपासणीला आलेल्या साहेबांनी ‘नीट बोल’ म्हणून दरडावले. पुढे वर्षभर हजेरीला ‘हजर’ म्हणण्यापलीकडे त्याने वर्गात तोंड उघडले नाही.

मी ख्रिस्ती आहे. प्रभू येशूला धरून नेले त्या रात्री वाड्याच्या अंगणात लोकांनी त्याचा शिष्य पेत्र याला बोलण्यावरून ओळखले. गालीलकडची बोली लपेना, आणि भीतीपोटी त्याने प्रभूला नाकारले. पुढे पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेन्टेकॉस्टच्या सणाला, पवित्र आत्मा उतरला, तेव्हा तोच पेत्र यरुशलेमेत सगळ्यांसमोर उभा राहून बोलला. पार्थी, मेदी, एलामी, अरब, जो तो आपापल्या जन्मभाषेत देवाची महत्कृत्ये ऐकत होता. बोलणारे सगळे गालीली ना, म्हणून थक्क होत होता. जमलेल्या सगळ्यांना एकच भाषा शिकवणे देवाला काय अवघड होते? पण त्याने तसे केले नाही.

इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, ते मराठी ओव्यांत. पंडिता रमाबाई संस्कृतच्या गाढ्या विदुषी. पण हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना त्यांनी साध्या बायाबापड्यांना कळेल अशीच भाषा धरली. मराठीला एवढे मिळाले, मग गोरमाटीच्या वेळी आपण हात का आखडतो?

आमच्या ख्रिस्ती मंडळ्याही यात कमी पडतात, हे मला बोललेच पाहिजे. तांड्यावरची आजी उपासनेत देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायला उठते, पुस्तकी मराठी जुळत नाही, दोन वाक्यांत खाली बसते. घरी चुलीपुढे तीच आजी भाकरी थापताना नातवाच्या तापासाठी अशी प्रार्थना करते की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने, जमेल तिथे, किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असे म्हटले आहे. तांड्यावरच्या शाळांत पहिली-दुसरीला गोरमाटी जाणणारी एखादी शिकलेली मुलगी मदतीला नेमावी, अशी शिक्षण विभागाला विनंती. मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडीलमंडळींना एवढेच मागणे, की येत्या पेन्टेकॉस्टच्या उपासनेत बायबलातला हाच प्रसंग सांगणारा, प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय मराठीबरोबर गोरमाटी, दखनी आणि तेलुगूतही वाचावा, आणि गोरमाटीतले वाचन तांड्यावरच्याच कुणाकडे द्यावे.

— एक निवृत्त शिक्षिका, जालना