शब्दांच्या जन्मकथा पारखून द्याव्यात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रोज एक अपरिचित इंग्रजी शब्द देणारी सदरे वाचकप्रिय असतात, परंतु शब्द, उच्चार आणि अर्थ एवढ्यावरच ती थांबत असल्याने आज वाचलेला शब्द उद्या आठवत नाही. सोबत व्युत्पत्ती दिली, तर शब्द लक्षात राहतोच, शिवाय तो कुठे शोभेल हेही उमगते.

‘सेरेन्डिपिटी’ हा शब्द होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ रोजी लिहिलेल्या एका पत्रात घडवला. सेरेन्डिप हे श्रीलंकेचे जुने नाव. तेथील तीन राजपुत्रांच्या कथेचा हवाला देऊन त्याने म्हटले आहे, की हे राजपुत्र ज्यांच्या शोधात नव्हते अशा गोष्टी त्यांना योगायोगाने आणि चाणाक्षपणाने सापडत जात. यातला चाणाक्षपणा महत्त्वाचा आहे. ‘सुखद योगायोग’ एवढाच अर्थ पाठ करणारा वाचक लॉटरी लागण्यालाही हा शब्द खुशाल लावील. मूळ पत्राची हकिकत ठाऊक असलेला मात्र थबकेल. ‘कँडिडेट’ची गोष्ट अशीच गमतीची आहे. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार खडूने उजळलेला पांढराशुभ्र झगा घालून मतदारांपुढे येई, आणि शुभ्र या अर्थाच्या ‘कँडिडस’ या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव पडले. मनमोकळा या अर्थाचा ‘कँडिड’ही याच मुळाचा आहे, मग उमेदवारांना तो लागू पडो वा न पडो!

मात्र रंजक व्युत्पत्ती खरी असेलच असे नाही. ‘न्यूज’ हा शब्द चार दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनला, ही भाकडकथा शिक्षकांपासून व्याख्यात्यांपर्यंत अनेकजण बिनदिक्कत सांगतात. वास्तविक तो नवे या अर्थाच्या ‘न्यू’चे अनेकवचन आहे. बोटीच्या तिकिटावरील ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावीकडची, परतताना उजवीकडची खोली) या शब्दांच्या आद्याक्षरांपासून ‘पॉश’ शब्द आला, या कथेलाही पुरावा नाही. तशी अक्षरे छापलेले तिकीट आजवर कोणी दाखवलेले नाही. आद्याक्षरांपासून शब्द घडवण्याची रीत विसाव्या शतकाआधी इंग्रजीत फारशी नव्हतीच, त्यामुळे जुन्या शब्दाची अशी फोड कोणी सांगितली, की प्रथम शंकाच घ्यावी.

तेव्हा अशा सदरांत शब्दासोबत त्याचे मूळ, तो प्रथम केव्हा आढळला ते साल आणि वापराचे एखादे पूर्ण वाक्य द्यावे, तसेच व्युत्पत्ती वादग्रस्त असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे, ही विनंती. त्यासाठी रोजऐवजी आठवड्याला एकच शब्द दिला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक