मुंबईला येण्याआधी

गिरगाव, मुंबई
20 जुलै

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. जुन्नरची वकिलीची प्रॅक्टिस आवरून तू मुंबईला यायचं म्हणतोस. फोर्टात कुणाच्या चेंबरमध्ये बसायला जागा मिळते का ते बघेन, त्याची काळजी करू नकोस. पण मला विचारशील तर येऊ नकोस. का, ते फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

"सातबारा नि बांधाची भांडणं, यात कसली आली समाजसेवा?" हे तुझं वाक्य मला फार लागलं. सध्या मी सार्वजनिक काकांबद्दल वाचतोय. गणेश वासुदेव जोशी, जन्म 1828 चा, मूळ साताऱ्याचे. आधी सरकारी नोकरी, मग वकिलीची परीक्षा देऊन पुण्यात वकिली. इथल्या हायकोर्टातल्या बॅरिस्टरांच्या लेखी पुण्याचा वकील म्हणजे मुफसलातलाच, मुंबईबाहेरच्या गावाकडचा. पुण्याच्या पर्वती देवस्थानच्या, म्हणजे पर्वती संस्थानच्या, कारभाराबद्दल लोकांची ओरड सुरू झाली आणि तिच्यातूनच 2 एप्रिल 1870 ला लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी सार्वजनिक सभा उभी राहिली. सभासद व्हायचं तर निदान 50 जणांच्या सहीचं मुखत्यारपत्र आणायचं, असा सभेचा नियम. अरे, मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या रोजच्या हातातला कागद! त्यावर 95 माणसं सहा हजारांच्या वतीने बोलायला उभी राहिली. मतदानाचा हक्क कुणाच्या स्वप्नातही नव्हता, त्या काळात. "तुम्ही कोण, कुणाच्या वतीने बोलता?" असं सरकारने विचारलंच, तर पुढे करायला सह्या होत्या. हे वकिलालाच सुचावं.

स्वदेशीचं व्रत, 1877 च्या दिल्ली दरबाराला खादी घालून जाणं, हे तुला ठाऊकच आहे. लोकांचे तंटे कोर्टाबाहेर मिटावेत म्हणून लवाद कोर्टासाठीही ते झटले. ज्याची चूल खटल्यांवर पेटते त्याने हे करावं, याचं मोल आपल्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. आणि 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर पुण्यात खटला चालला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र काकांनी घेतलं. राजद्रोहाच्या आरोपीच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणं. शिक्षा टळली नाही, जन्मठेप झाली, फडक्यांना एडनला धाडलं. काका पुढच्याच वर्षी, 1880 च्या जुलैत गेले. पण त्या माणसाची बाजू भर कोर्टात मांडली गेली आणि ती नोंदली गेली.

आता तुझं. तू पाठवलेल्या मावशी मंगळवारी भेटल्या. नवरा गेल्यावर दिरांनी वारस नोंदीतून ज्यांचं नाव गाळलं, त्याच. कापडी पिशवीतून त्यांनी तुझी फाइल काढली. सातबारे सालवार लावलेले, प्रत्येक फेरफाराची नक्कल, पानांवर लाल शाईत आकडे, आणि तलाठ्याच्या उलटतपासणीत नेमकं जे वाक्य हवं त्याखाली तुझी रेघ. दत्ता, ते वाक्य खालच्या कोर्टात तू काढून घेतलं नसतंस, तर इथे मी काहीही करू शकलो नसतो. दुसऱ्या अपिलात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खाली कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच ऐकतात. पुरावा नव्याने मांडता येत नाही. पट्टीचा सीनियर उभा केला तरी तालुक्याच्या कोर्टात रेकॉर्डवर जे आलं नाही, ते त्याला इथे आणता येत नाही. इथे आम्ही उभे राहतो ते तुम्ही घातलेल्या पायावर. अशा फायली माझ्याकडे किती कमी येतात हे तुला माहीत नाही. बहुतेक वेळा माणूस खरा असतो आणि कागद कच्चे असतात, आणि त्याला तसंच परत पाठवताना जीव तुटतो.

मावशींना फीची चिंता होती. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज दिलाय. तुझ्याकडच्या बायांनाही हे कुणीतरी सांगायला हवं. पुढची लोकअदालत लागेल त्याआधी बाजाराच्या दिवशी चावडीवर अर्धा तास बसलास तरी पुष्कळ होईल. लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते, आणि निवाड्यावर अपील नसल्याने भाऊबंदकी पुढच्या पिढीपर्यंत जात नाही, एवढं समजलं तरी निम्मे लोक तयार होतात.

पैशाची ओढाताण आहे हे मला दिसतं. मुलीच्या शिक्षणाचा खर्च तोंडावर आहे. त्यासाठी माझ्याकडची जुन्नर, खेड, आंबेगाव भागातली मसुद्याची कामं तुझ्याकडे पाठवत जाईन. ही मेहेरबानी समजू नकोस. ती तुझ्याइतकी नीट करणारा मला दुसरा कुणी माहीत नाही.

मावशींच्या दाव्यातल्या मृत्यूपत्राच्या निशाणीची (कोर्टाने क्रमांक दिलेल्या पुराव्याच्या कागदाची) सही-शिक्क्याची नक्कल तेवढी राहिली आहे. आठवड्याभरात स्पीड पोस्टने पाठव. वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
श्रीकांत