बाबांचा निळा पंप आणि डोळ्यांचे थेंब

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बोललं की बाबा नुसतं "हो हो" करतात आणि आई म्हणते "माझं कुठे ऐकतात", म्हणून लिहून पाठवतेय.

बाबा, दसऱ्याला आणलेला तुमचा दम्याचा निळा पंप लक्ष्मीपूजनाला संपला. त्यात 200 पफ असतात, म्हणजे रोजचे दहा झाले की! वर्षात असे तीन लागले तरी दमा आटोक्यात नाही असं समजतात. तुम्ही सगळं पेठेतल्या फटाक्यांच्या धुरावर आणि सिंहगड रोडच्या धुळीवर ढकलून मोकळे, हात थरथरतात, धडधडतं ते "वय झालं" म्हणून. अहो, त्या पंपातलं औषध, साल्ब्युटामॉल, जास्त झालं की तसं होतं.

पण मला खरा संशय वेगळाच आहे. निघताना फ्रिजच्या दारात तुमच्या काचबिंदूच्या थेंबांची बाटली दिसली, त्यावर टिमोलॉल लिहिलंय. हे थेंब डोळ्यातून रक्तात उतरतात आणि दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतात, शिवाय निळ्या पंपाचा असरही कमी करतात. सुरू कधी केले? नवरात्रात. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याचं सांगितलं होतं का? "त्यांनी विचारलंच नाही" हे उत्तर मला नकोय. थेंब मनाने बंद करू नका, काचबिंदूही वाईटच, पण आजच्या आज त्यांना फोन करा, दुसरे थेंब मिळतात. तिकडे जाताना बाटली आणि दोन्ही पंप पिशवीत घेऊन जा.

दोन्ही म्हणजे तो स्टिरॉइडचासुद्धा, जो कपाटात सील न फोडता पडलाय कारण कट्ट्यावरच्या काकांनी घाबरवलं. निळा चार-सहा तास नळ्या मोकळ्या करतो, आतली सूज तशीच. ती उतरवतो हा, त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, रोज घ्यायचा आणि नंतर खळखळून चूळ भरायची.

आई, स्पेसर, म्हणजे पंपाला लावायचं ते प्लॅस्टिकचं नळकांडं, घासणीने घासून नॅपकिनने पुसतेस ना, ते नको, आत औषध चिकटून बसतं. साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू दे. आणि पंप पेल्यात तरंगवून किती उरलाय ते कळत नाही गं, कॅलेंडरवर रेघा मार.

पफ घेऊनही उतार नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर माझ्या फोनची वाट बघू नका, सरळ 108. ते येईपर्यंत बसून राहायचं, आडवं व्हायचं नाही, आणि पफ चालू ठेवायचे.

डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले ते रात्री सांगा. पर्वती चढणं तोवर बंद.

तुमची,
चिऊ