गुरुवारी गाडी पाठवते

पर्वरी,
२३ जून

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. आई रडायला लागते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन कुळागरात निघून जातात. म्हणून लिहिते. आई, बाबांचा चष्मा अजून दुरुस्त झाला नसेल, तेव्हा तूच वाचून दाखव. पण सगळं वाच, मधलं गाळू नकोस.

मी मानेतल्या गाठीचं ऑपरेशन करून घेत नाही. निदान आत्ता तरी नाही. बांबोळीच्या डॉक्टरांशी बोलले, मुंबईच्या सर्जनांनाही सगळ्या फिल्म दाखवल्या, आणि मगच ठरवलं. भिऊन ठरवलं असं मनात आणू नका.

बाबा, पोफळीवर चढलेली मिरवेल अलगद सोडवून घेता येते. माझ्या डाव्या बाजूची गाठ तशी नाही. व्हेगस नावाची नस कवटीतून खाली उतरते आणि आवाज, गिळणं सांभाळते. ही गाठ त्या नसेतच वाढलेली आहे. गाठ काढायची तर नस जवळजवळ नक्कीच जाते. गाठ २.६ सेंटीमीटरची आहे. अशा गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात आणि सरासरी वर्षाला मिलिमीटरभर वाढतात. माझी तर दोन स्कॅनमध्ये हललेलीच नाही. उजव्या बाजूला, मानेतली मोठी रक्तवाहिनी जिथे दुभंगते तिथे, नऊ मिलिमीटरची आणखी एक आहे. आज डावी नस घालवली आणि पुढे कधी उजव्या गाठीपायी तिकडच्याही नसेला धक्का बसला, तर गिळणं आणि श्वास दोन्ही अडचणीत येतील. दिवसाला पाच तास वर्गात बोलून पोट भरणाऱ्या बाईने हे आपण होऊन का ओढवून घ्यायचं?

आई, तू विचारलंस, सुई घालून का बघत नाहीत. या गाठींत रक्त फार असतं, म्हणून सुई टाळतात. एमआरआय आणि मुंबईत केलेलं पेट स्कॅन यांवरूनच ओळख पटली आहे.

थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. दर वर्षी एमआरआय होणार. गाठ भराभर वाढायला लागली, आवाज बसला, ठसका लागायला लागला, तर पुन्हा विचार करायचा. तेव्हाही थेट सुरीच असं नाही, रेडिएशनने बहुतेकांची वाढ तिथेच थांबते. ऑपरेशन करावं का म्हणून तू देवळात प्रसाद लावलास आणि उजवा, म्हणजे होकाराचा, पडला, ते माझ्या मनात आहे. देवाचा शब्द मी मोडत नाही गं. वेळ आली की करीनच. पण ती वेळ आज आलेली नाही.

मी बरी आहे. उकड्या तांदळाची पेज आणि तुझं तोराचं लोणचं रोज सकाळी असतं. झोप लागते. ‘हे’ सकाळचा चहा करतात, पोरगी माझी वह्यांची पिशवी खालपर्यंत नेऊन देते. मान दुखत होती तीही व्यायामाने थांबली, तिचा गाठीशी संबंधच नव्हता. त्या दुखण्याच्या निमित्ताने गाठ सापडली, एवढंच.

आता जे लिहायला मी आठ दिवस लावले ते.

रक्ताचा रिपोर्ट आला. एसडीएचडी नावाच्या जनुकात दोष आहे. तो वडिलांकडून आला तरच गाठी होतात, आईकडून आला तर जवळजवळ कधीच नाही. बाबा, म्हणजे तो तुमच्याकडून माझ्याकडे आला, आणि तुमच्याकडे आजोबांकडून. माईआत्याकडेही तिथूनच आला असणार. यात कुणी काही केलेलं नाही. तुमचं नाक मी घेतलं, तुमचं अक्षर घेतलं, तसंच हे. माईआत्याचं गाठीचं ऑपरेशन ९४ सालचं, आणि हा जनुक सापडला २००० साली. कुणाला काय कळणार होतं? तिला मात्र आवाज जाईल हे आधी कुणी सांगितलं नाही. पेजेचा घोट घेताना ती कशी मान वळवायची, ते मी विसरलेले नाही.

बाबा, तुमच्या कॉलरखालचा फुगवटा मला माहीत आहे. चरबी आहे म्हणून तुम्ही वीस वर्षं काढलीत. माईआत्याचे हाल पाहिल्यावर तुम्ही कुणाला का दाखवला नाहीत तेही कळतं. मला घटसर्प झाला की काय म्हणून, भर पावसात घोंगडीत गुंडाळून, खांद्यावर टाकून तुम्ही साकव ओलांडलात, तेव्हा माझा गाल त्याच जागी टेकलेला होता. तुमची मान गरम होती आणि खाली पाणी लोंढत होतं. मला भीती वाटली नव्हती.

तेव्हा आता माझं ऐकायचं. तुमच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख घ्यायची नाही. यातल्या काही गाठी रक्तदाब वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडतात, पोटातही असू शकतात, आणि ठाऊक नसताना भूल दिली तर जिवावर बेततं. तुमचं प्रेशर गोळ्यांना दाद देत नाही, मध्येच दरदरून घाम येतो. उकाड्याने येतो असं आईला सांगू नका. आधी रक्तात ती द्रव्यं आहेत का याची तपासणी, मग मानेचा आणि पोटाचा एमआरआय. काही निघालं तरी लगेच कुणी कापणार नाही. हे वचन माझं.

दादाशी मी बोलले. तो तपासणी करून घेतोय. त्याच्यात दोष निघाला तर मुलांचीही करायची. माझ्या पोरीची काळजी करू नका. दोष तिच्याकडे गेला असला तरी तो आईकडून गेलेला.

गुरुवारी सकाळी साडेसहाला गाडी पाठवते. बाबा, बुधवारी रात्रीपासून चहा-कॉफी नाही आणि तंबाखूचं पानही नाही. रक्त काढण्याआधी अर्धा तास आडवं पडायला लावतील, तेव्हा धोतर नको, लेंगा घाला. प्रेशरच्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट घ्या. तुझ्या गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस, आई, इथे लिफ्ट बंद आहे. राहायच्या तयारीने या. पंख्याखालची खाट बाबांना, आणि माझ्याजवळ तू.

येताना भिरंडांची सोलं आण. इथली संपली.

तुमची,
बाय