‘फकिरा’ शिकवणाऱ्या मास्तराचं गृहमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय गृहमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

येत्या 1 ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांची जयंती. वाटेगावात गर्दी होईल, सरकारतर्फे हार घातला जाईल. त्याआधी हे पत्र आपल्या हाती पडावं म्हणून घाईने लिहितोय.

मी वाळवा तालुक्यात अकरावी-बारावीला मराठी शिकवतो. माझे आजोबा मांगवाड्यातले. लहानपणी ते वडिलांचं बोट धरून रात्री चावडीवर जायचे. नाव पुकारलं की वडील ‘हाय जी’ म्हणायचे आणि दोघं अंधारात घरी परत यायचे. चोरी केली होती म्हणून नव्हे, मांगाच्या घरात जन्मले म्हणून. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा फास 1911 आणि 1924 मध्ये आणखी आवळला गेला होता. आजोबांनी मरेपर्यंत ‘हजेरी’ हा शब्द शाळेसाठीसुद्धा तोंडातून काढला नाही. ‘मास्तरांनी नावं घेतली का रं?’ असं विचारायचे.

अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’ कादंबरीत तीच हजेरी आहे. ती वाचताना सहन होते, कारण तिच्या भोवती वारणेचं खोरं आहे. अण्णाभाऊंचा डोंगर, झाडी, नदी ही शोभेसाठी येत नाहीत. चावडीत मान खाली घालून उभा असलेला माणूस त्या रानात शिरला की ताठ होतो, फकिराच्या गबऱ्या नावाच्या घोड्यावर बसला की त्याला कुणी पुकारू शकत नाही. ‘माझी मैना गावावर राहिली’ लिहिणाऱ्या शाहिराला गाव सुटल्याची कळ ठाऊक होती, म्हणूनच ते खोरं एवढं जिवंत उतरलं, असं मला नेहमी वाटतं.

साहेब, ही कादंबरी आली 1959 साली. बाबासाहेबांच्या लेखणीला ती अर्पण केलेली आहे. 1961 मध्ये राज्य सरकारने तिला पुरस्कारही दिला. आणि त्याच 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. गुन्हेगार जमातींचा शिक्का देशभरात 1952 ला पुसला होता. पण नोंद, बोटांचे ठसे, राहण्याच्या जागेची खबर देणं, हे सगळं नव्या नावाने परत आलं. या कायद्यात जातीचं नाव नाही, तो शिक्षा झालेल्यांनाच लागतो, हे मला माहीत आहे. पण वहीत नसलेली जात पोलिसांच्या डोक्यात असते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातला एक पारधी मुलगा चार दिवस आला नाही. गावात मोटारी चोरीला गेल्या होत्या, शेतातल्या, विहिरीवरच्या. वस्तीतून त्याच्या वडिलांना उचललं. कागद नाही, गुन्हा नाही. पाचव्या दिवशी सोडलं. मुलगा वर्गात आला तेव्हा आमचा हजेरीचाच भाग चालू होता. मी त्याला वाचायला सांगितलं नाही. त्यानेच हात वर केला, एक पान नीट वाचलं आणि खाली बसला. मला पुढचं शिकवता आलं नाही. त्या दिवशी तास लवकर सोडला.

विमुक्त, म्हणजे एकेकाळी गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 च्या निकालात पोलिसांना बजावलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने तर 2007 मध्येच सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करा, असं भारताला सांगितलं होतं. माझी विनंती अशी: त्या निकालाचा आदेश सोप्या मराठीत प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावा, उचललेल्या प्रत्येक माणसाची वेळेसकट नोंद सक्तीची करा, आणि 1959 चा कायदा रद्द करण्याचं विधेयक सभागृहात आणा.

मॉस्कोत 2022 मध्ये अण्णाभाऊंचा पुतळा बसला, याचा आम्हाला अभिमान आहे. वाटेगावला याल तेव्हा वाट वाकडी करून आमच्या वस्तीवरही या. ते जमलं नाही तर उत्तर पाठवा, मी ते वर्गात वाचून दाखवीन. तो मुलगा आता बारावीत आहे, पहिल्या बाकावर बसतो.

आपला नम्र,
वाळवा तालुक्यातला एक मराठीचा शिक्षक